गोव्याच्या दमट हवेत जुन्या फिल्म आणि प्रोजेक्टर कसे जपावेत

माळ्यावर फिल्मचा गंजलेला डबा सापडला, की ती लगेच प्रोजेक्टरवर चढवण्याचा मोह आवरावा आणि खिडकीजवळ झाकण उघडून आधी वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर ॲसिटेट या प्लॅस्टिकची ती फिल्म कुजू लागली आहे असे समजावे. कुजताना सुटणारे आम्ल त्याच क्रियेला आणखी वेग देते, म्हणून असे रीळ त्याच दिवशी इतरांपासून दूर ठेवावे. डबा नवा घेतला तरी जुन्यावरची चिठ्ठी टाकू नये. त्या रिळाची ओळख पुष्कळदा तेवढीच उरलेली असते.

३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या कडेला इंग्रजीत ‘सेफ्टी’ असे छापलेले आहे का, ते पाहावे. तसे नसेल, तर ती चटकन पेटणारी जुनी नायट्रेट फिल्म असू शकते. ‘मोगाचो आंवडो’ हा पहिला कोंकणी चित्रपट १९५० साली आला, तेव्हा नायट्रेट फिल्म पूर्णपणे मागे पडलेली नव्हती. नायट्रेट एकदा पेटले की पाण्याखालीही जळत राहते. तशी शंका आली, तर रीळ घरात न ठेवता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा सल्ला घ्यावा.

फिल्म आक्रसली आहे का, हे ओळखणे सोपे आहे. तिच्याशेजारी त्याच मापाची नवी फिल्म ठेवून दोन्हींवर कडेची शंभर भोके मोजावीत. जुनी एका भोकाएवढी आखूड भरली, तर ती एक टक्का आक्रसली आहे आणि प्रोजेक्टरचे दाते तिला फाडतील. ती स्कॅनच करून घ्यावी.

आपल्याकडे खरा शत्रू पाऊस आहे. सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्के हवी, आणि जून ते सप्टेंबर ती हवा कोरडी करणाऱ्या यंत्राशिवाय साधत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कपाट चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नये. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले, की ते तापवून सुकवावेत. निरोगी फिल्म दुहेरी हवाबंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवता येते; मात्र बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे सुमारे एक दिवस, पिशवी उघडू नये, नाहीतर फिल्मवर पाणी धरते.

प्रोजेक्टरच्या भिंगावर बुरशी येते, म्हणून भिंग काढून सिलिका जेलसह वेगळे ठेवावे. जुन्या यंत्रातले कडक झालेले रबरी पट्टे बदलावेत आणि वायरिंग जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय प्लग लावू नये. मोठ्या प्रोजेक्टरमधला झेनॉन वायूचा दिवा थंड असतानाही आतल्या दाबामुळे फुटू शकतो, त्यामुळे चेहऱ्यावर संरक्षक ढाल आणि हातात जाड मोजे असल्याखेरीज त्याला हात लावू नये.