बेन किंग्जली बघून अभिनय शिकायचा तर कसं बघायचं

एकांकिकेच्या तालमीला येणाऱ्या मुलांना मी दरवर्षी एक काम सांगते. एकाच नटाचे चार-पाच चित्रपट ओळीने बघायचे, आणि वही-पेन घेऊनच बसायचं. नट मीच ठरवून देते: बेन किंग्जली. वर्षानुवर्षं रंगभूमीवर घासलेला नट कॅमेऱ्यासमोर आल्यावर काय ठेवतो आणि काय टाकून देतो, हे त्यांच्या कामात जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसऱ्या कुणात दिसलेलं नाही. आवाज चढवून टाळी घ्यायची सवय जडलेल्या मुलांनी तर ते बघायलाच हवेत.

आधी माणूस थोडा माहीत करून घ्या. जन्म ३१ डिसेंबर १९४३, इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं स्नेंटन गाव, जन्मनाव कृष्णा भानजी. वडील गुजराती वंशाचे डॉक्टर, आई इंग्रज. १९६७मध्ये ते रॉयल शेक्सपिअर कंपनी या नाट्यसंस्थेत आले. १९७०मध्ये पीटर ब्रूक यांनी बसवलेल्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये ते डिमिट्रियस होते. त्या प्रयोगाची छायाचित्रं शोधून बघाच. पांढरी शुभ्र चौकट, वर झोपाळे, नट हवेत लटकलेले. त्यानंतर १९७५मध्ये बझ गुडबॉडी या दिग्दर्शिकेने स्ट्रॅटफर्डच्या ‘द अदर प्लेस’ या छोट्याशा, पत्र्याच्या नाट्यगृहात त्यांना हॅम्लेट दिला. एका ठिकाणी अख्खं शरीर पणाला लावायचं, दुसऱ्या ठिकाणी प्रेक्षक हाताच्या अंतरावर. पुढे पडद्यावर जे दिसतं त्याची तालीम या दोन टोकांवर झाली आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता ‘गांधी’ लावा. रिचर्ड अ‍ॅटनबरोंचा १९८२चा चित्रपट, तीन तासांहून मोठा. एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. पहिल्या वेळी आवाज पूर्ण बंद करा आणि चेहऱ्याकडे बघू नका. हे जमायला वेळ लागतो, कारण डोळा आपसूक चेहऱ्यावर जातो. फक्त पाठीचा कणा बघा. चित्रीकरणाच्या वेळी किंग्जली सदतिशीत होते, आणि भूमिका तेविशीतल्या बॅरिस्टरपासून अठ्ठ्याहत्तरीतल्या म्हाताऱ्यापर्यंत जाते. वय रंगभूषेने वाढलं की शरीराने, ते आवाज बंद असला की लगेच कळतं. त्यांनी वजन उतरवलं, योगासनं केली, सूत कातायला शिकले. चरख्यावर बसलेली बोटं नीट बघा, ती काम करत असतात. नटाचे हात खरोखरच कामात गुंतले की चेहऱ्याला अभिनय करावा लागत नाही.

दुसऱ्या वेळी एकच प्रसंग निवडा: दक्षिण आफ्रिकेत परवाने जाळतात तो. मी हा मुलांना पुन्हा पुन्हा दाखवते. पोलिसाची काठी बसते, माणूस कोसळतो, आणि तरी हात कागदाकडे जातो. इथे वहीत लिहा: प्रत्येक फटक्यानंतर हात किती हळू निघतो? नजर पोलिसाकडे आहे की कागदाकडे? हौशी नट इथे शौर्य दाखवेल, छाती पुढे काढेल. किंग्जली शौर्य दाखवत नाहीत. त्यांना फक्त पुढचा कागद आगीत टाकायचा आहे. ‘भूमिकेला काय हवंय?’ हा प्रश्न आपण तालमीत शंभरदा विचारतो, त्याचं उत्तर या प्रसंगात एका हातात मावलं आहे.

तिसऱ्या वेळी समोरच्या नटाकडे बघा. मराठी माणसाला हे फार सोपं जाईल. कस्तुरबा रोहिणी हट्टंगडी, गोखले डॉ. श्रीराम लागू. रोहिणीताईंना या कामासाठी बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट-पुरस्कार मिळाला. संडास साफ करण्यावरून नवरा-बायकोचं भांडण होतं आणि रागाच्या भरात तो तिला घराबाहेर ढकलू लागतो, तो प्रसंग लावा. राग उतरतो तो क्षण नेमका पकडा. तिच्याकडून काहीतरी त्याच्यापर्यंत पोचतं तेव्हा तो उतरतो. डॉ. लागूंबरोबरच्या प्रसंगात तर किंग्जली बहुतांश ऐकतातच. ऐकणाऱ्याचा अभिनय कसा असतो, ते तिथे टिपून ठेवा.

यानंतर लगेच ‘सेक्सी बीस्ट’ बघा. मधे दुसरं काही नको. २०००चा, जोनाथन ग्लेझर यांचा पहिला चित्रपट. (शिव्या भरपूर आहेत, घरात लहान मुलं असतील तर जपून.) निवृत्त होऊन स्पेनमध्ये राहणाऱ्या जुन्या साथीदाराला परत चोरीच्या कामाला जुंपायला डॉन लोगन नावाचा गुंड येतो, तो किंग्जली. तोच नट, तीच उंची. मानेकडे आणि खांद्यांकडे बघा. गांधींचं शरीर समोरच्याला जागा देतं, डॉनचं शरीर खोलीतली सगळी जागा खाऊन टाकतं. दोघांचं चालणं घरात स्वतः करून बघा, आरशाशिवाय. आरसा असला की आपण नक्कल करतो.

‘शिंडलर्स लिस्ट’मधल्या इत्झाक स्टर्नसाठी, म्हणजे कारखानदार शिंडलरच्या हिशेबनिसासाठी, एक संध्याकाळ राखून ठेवा. त्यात फक्त शिंडलर पुढे करतो त्या दारूच्या पेल्याचा धागा धरा: स्टर्न तो आधी नाकारतो, आणि पुष्कळ पुढे, सगळं संपत आलेलं असताना, स्वीकारतो. मधल्या काळात त्या दोघांत काय घडलं ते त्या एका पेल्यात कळतं. नेपथ्यातली वस्तू कशी वापरायची, हे शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

‘हाउस ऑफ सँड अँड फॉग’ (२००३) जमलं तर बघा. इराणमधून आलेला कर्नल दिवसा रस्त्यावर मजुरी करतो आणि घरी जाण्यापूर्वी हॉटेलच्या स्वच्छतागृहात धुऊन-पुसून सूट चढवतो. कपड्यांबरोबर माणूस बदलतो तो कुठे, हे शोधा. ‘आयर्न मॅन ३’ शेवटी, हवं तर.

आता वही घेऊन तालमीला या. आपल्या भूमिकेसाठी तीनच ओळी लिहायच्या: तिचे हात कोणत्या कामात आहेत, तिचा कणा कुणापुढे वाकतो, आणि समोरचा बोलत असताना ती काय ऐकते. पहिला आठवडा प्रवेश याच तीन ओळींवर, तोंडातून शब्द न काढता करायचा. संहिता पाठ करायला त्यानंतरच्या सोमवारी घ्या.