स्किड स्टीअरच्या केबिनला जाड दरवाजा लावावा का?

स्किड स्टीअर म्हणजे पुढे वेगवेगळी अवजारं लावता येणारं छोटं लोडर मशीन. मशीनपेक्षा आधी अटॅचमेंट, म्हणजे पुढे लावायचं अवजार बघा. बकेट, फोर्क, ऑगर (जमिनीत खड्डा पाडणारा) एवढंच काम असेल तर कंपनीचा टफन्ड काचेचा दरवाजा पुरतो. झाडं-झुडपं कापणारा मल्चर, ब्रश कटर किंवा काँक्रीट फोडायचा ब्रेकर लावणार असाल, तर मात्र पॉलिकार्बोनेटचा (पारदर्शक, चिवट प्लास्टिकचा) दरवाजा हवाच. टफन्ड काच दगड लागला की एकदम बारीक तुकड्यांत फुटते आणि पुढचा दगड थेट ऑपरेटरवर येतो. पॉलिकार्बोनेट वाकतं, पण सहसा फुटत नाही. शीट साधारण 12 मिमीची येते, मल्चिंगसाठी 19 मिमीचीही मिळते. किती लागेल ते अटॅचमेंटच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते पाळा.

तोटा एकच, पण रोजचा: ओरखडे. कोरड्या फडक्याने धूळ पुसली की सकाळच्या तिरप्या उन्हात समोरचं धूसर दिसतं. आधी भरपूर पाणी सोडा, मग साबणाचं पाणी आणि मऊ कापड. थिनर, पेट्रोल अजिबात नको, त्याने शीटला बारीक तडे जातात.

बसवताना दरवाजाचा सेन्सर बायपास करू नका. बऱ्याच मशीनमध्ये दरवाजा उघडा असेल तर बूम (अटॅचमेंट वर-खाली करणारे हात) हलत नाही, ते मुद्दामच केलेलं असतं. बिजागरीसाठी केबिनच्या फ्रेमला भोक पाडणं, वेल्डिंग करणं टाळा, उलटल्यावर ऑपरेटरला वाचवणारी चौकट तीच. आणि मागची आपत्कालीन खिडकी हाताने निघते ना, तेही एकदा काढून बघा. बूम अर्धवट वर अडकली तर पुढचा दरवाजा उघडेलच असं नाही.