नव्ह-शापेलला जाताना एक नाव सोबत न्या

निघण्याआधी घरी बसून एक काम करा. कोणाला भेटायला जाताय ते ठरवा. उत्तर फ्रान्समध्ये नव्ह-शापेल नावाचं छोटं शेतकरी गाव आहे. गावाबाहेरच्या भारतीय स्मारकाच्या भिंतीवर 4,700 हून जास्त नावं कोरली आहेत. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियममध्ये पडलेले आणि ज्यांची कबर कुठेच सापडली नाही, असे हे आपले जवान.

मी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर पलटणीतून, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मुलगी जवळच्या लील शहरात नोकरीला आहे, त्यामुळे मला तिथे तीनदा जाता आलं. पहिल्या खेपेला काहीच न शोधता गेलो, भिंतीसमोर अर्धा तास उभा राहिलो आणि परत आलो. सगळी नावं सारखीच दिसली. रात्री झोप लागली नाही.

म्हणून सांगतो, युद्धातल्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर आधी शोधा. स्मारकाचं नाव टाकायचं, मग पलटण टाकायची. आपल्याकडच्यांनी ‘3री सॅपर्स अँड मायनर्स’ बघावी. खडकीची पलटण ती हीच. 107वी पायोनियर्सही बघा. आडनावाचं स्पेलिंग एकच धरून बसू नका. कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलंय. ‘जाधव’ शेवटी ‘व्ही’ लावून शोधा, तसं ‘ओ’ लावूनही शोधा. काही नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं सगळं मिळतं. त्या नोंदीतला फलक क्रमांक वहीत उतरवून घ्या. भिंतीवर नावं पलटणीप्रमाणे आणि हुद्द्याप्रमाणे आहेत, क्रमांक असला की पाच मिनिटांत माणूस सापडतो.

पॅरिसच्या गार द्यु नोर स्टेशनहून लील रेल्वेने तासाभराचं. लीलहून भाड्याची गाडी घ्या, कारण पुढची सगळी ठिकाणं शेतांत विखुरलेली आहेत. रेल्वेनेच जायचं तर ला बासेला उतरा. तिथून गाव उत्तरेला पाचेक किलोमीटर. रविवारी जाणं टाळा, दुकानं बंद असतात. दुकानात शिरताना आधी ‘बाँजूर’ म्हणायचं, मग काय हवं ते. नमस्कार न करता बोलायला लागलं की तिथल्या लोकांना ते उद्धट वाटतं.

गावात पोचलात की लगेच स्मारकाकडे धावू नका. आधी पायी एक फेरी मारा. गाव जर्मनांच्या ताब्यात होतं. 28 ऑक्टोबर 1914 ला याच गल्ल्यांतून आमच्या 20 आणि 21 नंबरच्या सॅपर कंपन्या 47व्या शीख पलटणीबरोबर आत घुसल्या. सॅपरचं काम खंदक खणणं, पूल बांधणं. त्या दिवशी त्यांना पायदळासारखं पुढे पाठवलं. घराघरांतून संगिनींची झुंज झाली, गाव हातात आलं आणि उलट्या हल्ल्यात पुन्हा गेलं. मग 10 मार्च 1915 ला पहाटेनंतर 35 मिनिटं तोफा चालल्या आणि भारतीय फौजेची मेरठ डिव्हिजन इंग्रज तुकड्यांबरोबर परत गावात शिरली. गढवाल रायफल्सच्या गबर सिंग नेगींना त्या दिवसाच्या शौर्यासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. त्यांचंही नाव भिंतीवर आहे.

शेताच्या कडेचे चर नक्की बघा. जमीन सपाट, चिकण, दोन-तीन फुटांवर पाणी. इथे खोल खंदक टिकतच नाही, म्हणून मातीच्या पोत्यांचे बांध वर रचावे लागले. हिवाळ्यात, गुडघाभर चिखलात, कोकणातल्या नाहीतर साताऱ्याकडच्या पोराने ते कसं निभावलं असेल, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. पायात गमबूट किंवा जाड बूट हवेतच.

स्मारक गावापासून 800 मीटरवर, ला बासे-एस्तेर रस्त्यावर. हर्बर्ट बेकर यांनी आराखडा केला, 1927 च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालं. गोल आवार, एका बाजूला भरीव भिंत, दुसऱ्या बाजूला दगडी जाळी. मधोमध 15 मीटरचा स्तंभ आणि त्याच्या दोन्ही अंगांना दगडात कोरलेले वाघ. स्तंभाच्या खालच्या भागाजवळ जा. इंग्रजी, अरबी, गुरुमुखी आणि त्यांच्याबरोबर देवनागरी. मी चष्मा पुसून पुसून ती अक्षरं वाचली, शिरोरेघेवरून बोट फिरवलं. दगड गार होता.

फुलं न्या, पण नारळ फोडू नका, कुंकू दगडाला लावू नका, तेलाचा दिवा नको. डाग राहतात. तिथे चहापाण्याची सोय धरून चालू नका.

समोरच रिशबूरचं पोर्तुगीज लष्करी कब्रस्तान आहे, 1,831 कबरींचं. इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या पोर्तुगीजांची एप्रिल 1918 मध्ये जर्मन हल्ल्यात इथे वाताहत झाली. दहा मिनिटं तिथेही द्या.

जेवायला जवळचं बेतून शहर गाठा. एक सूचना फार महत्त्वाची: उत्तर फ्रान्समध्ये बटाट्याचे फ्रेंच फ्राइज परंपरेने गाईच्या चरबीत तळतात. चालत नसेल त्यांनी तेलाचं आवर्जून विचारा, नाहीतर ब्रेड-चीज घ्या. बेतूनचा चौक युद्धात बेचिराख झाला होता, नंतर तो नव्याने उभारला. मधला जुना घंटाघराचा मनोरा तेवढा बघा. बेतूनच्याच कब्रस्तानात लेफ्टनंट फ्रँक द पास यांची कबर आहे. हे पूना हॉर्स या घोडदळाचे, नोव्हेंबर 1914 मध्ये फेस्तुबेर गावाजवळच्या शौर्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस. पुण्याच्या माणसाने तिथे थांबावंच.

वेळ उरला तर नोत्र-दाम-द-लोरेतच्या टेकडीवरचं स्मृतिवलय गाठा. 2014 मध्ये उघडलं. या भागात पहिल्या महायुद्धात मेलेल्या सगळ्या बाजूंच्या सैनिकांची सुमारे 5,80,000 नावं एका मोठ्या कड्यावर, नुसती अकारविल्हे. हुद्दा नाही, देश नाही. वहीतलं तेच नाव तिथे पुन्हा शोधा. आमच्या एका सॅपरचं मला सापडलं, आसपास सगळी जर्मन आणि इंग्रज नावं. वलयाचा एक भाग उतारावर टेकूशिवाय अधांतरी आहे. तो खाली जाऊन बघितल्याशिवाय निघू नका.