सात मात्रांचा रिफ आणि घरची खोली: प्रोग इन्स्ट्रुमेंटल कसं बनवायचं

प्रोग्रेसिव्ह इन्स्ट्रुमेंटल, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकच्या ढंगाचं, गायक नसलेलं गाणं करायचं म्हटलं की सगळे आधी कुठला प्लगइन (आवाज घडवणारं सॉफ्टवेअर), कुठला पिकअप (तारांची कंपनं पकडणारा गिटारचा भाग) असंच विचारतात. माझं म्हणणं असं की गिटार बाजूला ठेवा आणि आधी मोजायला बसा.

७/८, म्हणजे एका बारमध्ये (आवर्तनात) सात एटथ नोट्स, हे ऐकून लोक घाबरतात पण सात मात्रांचा रूपक आपण लहानपणापासून ऐकतोय, ती ती ना, धी ना, धी ना, म्हणजे ३+२+२. हातावर टाळी देत दहा मिनिटं हेच म्हणा, मग त्याच वजनावर दोन-तीन सुरांचा रिफ (परत परत येणारा गिटारचा छोटा तुकडा) बसवा. आणि एक गोष्ट मला फार आवडते, रूपकात समेवरच (पहिल्या मात्रेवर) खाली, म्हणजे टाळी न देण्याची जागा, असते आणि टाळ्या चौथ्या-सहाव्या मात्रेवर पडतात, तर तुमची किकसुद्धा (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पहिल्या मात्रेवर न ठेवता चौथ्या-सहाव्यावर ठेवून बघा, रिफ एकदम तरंगायला लागतो. हे जमलं की पुढचा खेळ म्हणजे गिटार सातात आणि ड्रम्स सरळ ४/४ मध्ये, म्हणजे बारमध्ये आठ एटथ नोट्स. रिफ आठ वेळा वाजला की ड्रम्सचे सात बार होतात, ५६ एटथ नोट्सनंतर दोघं परत एकत्र येतात, आणि तो क्षण समेवर आल्यासारखाच वाटतो!

मग मेलडी. इथे गायक नाही, म्हणून गिटारलाच गायचंय. मेलडी आधी तोंडाने गुणगुणा आणि फोनवर रेकॉर्ड करा. जिथे तुम्ही श्वास घेता तिथे गिटारनेही थांबायचं. बोटांनी शोधलेली मेलडी बहुतेक वेळा स्केलचा रियाझ वाटते, हे मी बऱ्याच गाण्यांची वाट लावल्यावर शिकलो.

आता रेकॉर्डिंग. ऑडिओ इंटरफेसच्या (गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याच्या) इन्स्ट्रुमेंट इनपुटला गिटार लावा, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि गेन (इनपुटची पातळी) एवढाच की जोरात वाजवलं तरी लेव्हल मायनस १२ ते मायनस ६ डीबीच्या आसपास राहील. बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तेवढे सॅम्पल्स) १२८ ठेवा, लॅपटॉप कुरकुर करायला लागला तर २५६. अँप सिम्युलेटरमधून (गिटारच्या अँपची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) ऐकत वाजवा पण ट्रॅक कोराच, इफेक्टशिवाय, रेकॉर्ड होऊ द्या, म्हणजे टोन महिनाभराने बदलला तरी परत वाजवावं लागत नाही. शिवाय माईक नसल्यामुळे स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी टेक खराब होत नाही, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना याची किंमत कळेल. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप गुणगुणत असेल तर खुर्ची थोडी वळवा, स्क्रीनपासून लांब बसा. नवीन तारा लावा आणि प्रत्येक टेकआधी ट्यून करा, कंटाळा आला तरी.

रिदम गिटार, म्हणजे रिफची गिटार, दोनदा खरोखर वाजवायची, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. कॉपी-पेस्ट करू नका, दोन्ही ट्रॅक हुबेहूब सारखे असले की रुंदी येतच नाही, गिटार फक्त मोठ्याने मधोमध ऐकू येते. दोन टेकमधल्या बारीक फरकानेच ती भिंत उभी राहते. आणि अँप सिम्युलेटरचा गेन, म्हणजे डिस्टॉर्शन (आवाजाचा खरखरीतपणा), जेवढा हवासा वाटतो त्यापेक्षा कमी ठेवा, नाहीतर सगळ्या मात्रा एकमेकींत मिसळतात आणि इतकं मोजून केलेलं कुणाला कळतच नाही.

मिक्समध्ये रिदम गिटारचा ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग कापा, ती जागा किक आणि बेसची. लीड (मेलडीची गिटार) मधोमध, त्यावर टेम्पोला जुळलेला डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट), ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला किती बीट) केलं की एका बीटचे मिलिसेकंद मिळतात, म्हणजे १२० च्या टेम्पोला ५००.

शेवटी मिक्स फोनच्या स्पीकरवर ऐका. तिथे बेस गायब झाला तर आवाज वाढवत बसू नका, बेसला थोडं डिस्टॉर्शन द्या, त्याने वरच्या फ्रिक्वेन्सी तयार होतात आणि एवढ्याशा स्पीकरवरही बेसची चाल कळते.