कुत्र्याचा पट्टा घेताय? आधी मान मोजा, मग रंग बघा

पिल्लू घरी आलं की पहिली खरेदी बहुतेक पट्ट्याचीच होते आणि बरेच जण नुसता फोटो बघून, रंग आवडला म्हणून ऑर्डर करून टाकतात. पण हा पट्टा तो दिवसभर गळ्यात घालून बसणार, खाणार, लोळणार, त्यामुळे आधी माप घ्या, बाकी सगळं नंतर.

शिवणकामाची मऊ टेप घ्या, नसेल तर दोरी गुंडाळून मग ती पट्टीवर मोजा. पट्टा मानेवर जिथे बसतो तिथलंच माप घ्यायचं, आणि केसाळ असेल तर टेप केसांच्या आत कातडीजवळ गेली पाहिजे, नाहीतर माप मोठं येतं आणि पट्टा ढिला पडतो. मान समजा ३८ सेंमी आली तर २५ ते ३८ वाला घेऊ नका, ३५ ते ४५ वाला घ्या म्हणजे दोन्हीकडे थोडी जागा राहते. घातल्यावर मान आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटं आरामात सरकली पाहिजेत, अगदी छोट्या जातीला एक बोट पुरे. मग पट्टा हळूच कानांकडे ओढून बघा. डोक्यावरून निघून येत असेल तर तो ढिला आहे, रस्त्यावर एखादा फटाका वाजला की कुत्रा मागे सरकून त्यातून सुटतो आणि मग शोधाशोध. दोन्ही टेस्ट पास झाल्या तरच ठेवा.

ग्रेहाऊंडसारख्या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं, तिथे साधा पट्टा कितीही नीट लावला तरी सटकतो, त्यांच्यासाठी मार्टिंगेल कॉलर मिळते. ओढ बसली की ती थोडीशी आवळते आणि तिथेच थांबते, गळा दाबत नाही, पण त्यासाठी ती मापात सेट केलेली पाहिजे. पूर्ण आवळत जाणाऱ्या साखळ्या आणि काटेवाले पट्टे मात्र माझ्या मते घेऊच नयेत, मानेत श्वासनलिका आहे, थायरॉईड आहे, तिथे दुखवून शिकवायचं कशाला. पग, फ्रेंच बुलडॉग असे चपट्या नाकाचे किंवा पोमेरेनियन, यॉर्की असे चिमुकले असतील तर लीश (फिरवायची दोरी) हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला लावा आणि पट्टा फक्त नाव-नंबरच्या टॅगसाठी ठेवा.

रुंदीकडे कोणी बघतच नाही. छोट्या कुत्र्याला साधारण १ ते १.५ सेंमी, मध्यम असेल तर २ आणि लॅबसारख्या मोठ्याला २.५ किंवा जास्त. बारीक पट्टा मोठ्या ओढाळ कुत्र्याच्या गळ्यात रुततो, आणि छोट्याच्या गळ्यात जाड पट्टा नि वर भलंमोठं बकल म्हणजे बिचाऱ्याला मान खाली घालायलाही जड.

आता मटेरियल. नायलॉन स्वस्त, हलकं, धुता येतं, पण कडा हात फिरवून बघा, कडक असतील तर मानेवर घासतात. लेदर वापरता वापरता मऊ होतं आणि दिसतंही मस्त, पण भिजलं की लवकर वाळत नाही, त्यामुळे पाण्यात उड्या मारणाऱ्याला नको. त्याच्यासाठी बायोथेन बघा, हे प्लास्टिकचं कोटिंग दिलेलं पॉलिस्टरचं वेबिंग असतं, पाणी धरत नाही, पुसलं की झालं, वासही येत नाही. लांब केसांच्या कुत्र्याला गोल शिवलेला लेदर पट्टा द्या, चपट्या पट्ट्याखाली केसांच्या गाठी होतात. डी-रिंग, म्हणजे लीश अडकवायची कडी, जोडाची फट न दिसणारी, वेल्ड केलेली हवी, सगळा जोर तिच्यावरच येतो.

स्टाईलसाठी एवढं लक्षात ठेवा, कुत्र्यांना निळा आणि पिवळा रंग चांगला कळतो, लाल त्यांना मळकट दिसतो, म्हणजे रंग आपल्यासाठी आहे, तर कुत्र्याच्या केसांच्या रंगावर उठून दिसेल तोच घ्या. काळ्यावर पिवळा किंवा केशरी, पांढऱ्यावर गडद निळा, चॉकलेटीवर टरक्वॉईज खूप छान दिसतो. संध्याकाळी फिरवत असाल तर रिफ्लेक्टिव्ह शिलाईवाला घ्या, तोही हल्ली बऱ्यापैकी देखणा मिळतो. बो-टाय, बंदाना हौसेने घाला, फोटो झाले की काढा. पिल्लू कुरतडत असेल तर मणी, खडे, घुंगरू लावलेले पट्टे नको, तुटलेला तुकडा पोटात गेला तर थेट डॉक्टरकडे पळावं लागतं.

दोन कुत्रे दंगामस्ती करत असतील तेव्हा पट्टे काढूनच ठेवा, एकाचा दात दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकला की दोघंही घाबरून ओढतात आणि गळा आवळला जातो. पिंजऱ्यात एकटा असतानाही काढा, आणि रात्री काढला तर कातडीला हवा लागते. वाढत्या पिल्लाची दोन बोटांची टेस्ट दर आठवड्याला करा, पट्टा गळ्यात रुतून जखम झालेली पिल्लं खरंच असतात. मोठ्यांचंही केस बाजूला करून बघत जा, लालसर दिसलं, केस गळालेले दिसले किंवा ओलसर वास आला तर पट्टा लगेच काढून ठेवा, आणि दोन-तीन दिवसांत बरं वाटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.