संस्थेच्या लिनक्स कॉम्प्युटरवर झूम, क्रोम, प्रिंटरचं प्लगिन असं बंद (ज्याचा सोर्स कोड खुला नाही असं) सॉफ्टवेअर सोप्या पद्धतीने कसं टाकायचं

सामाजिक संस्थेत लिनक्स बसवून देणं फार अवघड नसतं, जुनी मशीन पण चांगली चालतात. अडतं ते नंतर. कोणीतरी सांगतं मीटिंग झूमवर आहे, मग आपण घाईत साइटवरून डेब फाइल (उबुंटू, मिंट अशा लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकायची फाइल) उतरवतो, टाकतो आणि विसरून जातो. मग काही महिन्यांनी झूम म्हणतं व्हर्जन जुनं झालंय, आधी अपडेट करा, आणि तेव्हा मीटिंग सुरू व्हायला पाच मिनिटं असतात आणि तुम्ही तिथे नसता. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर टाकण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो, याचं अपडेट कुठून येणार?

आधी संस्थेतल्या लोकांबरोबर बसून यादी करा, आणि त्यातलं जितकं गाळता येईल तितकं गाळा. एमएस ऑफिस लिनक्सवर येतच नाही, तिथे लिब्रेऑफिस किंवा ब्राउझरमधलं ऑफिस चालवा. अडोबी रीडरची लिनक्स आवृत्ती 2013 नंतर आलेली नाही, जुन्या ट्युटोरियलमध्ये ती टाकायला सांगतात, कृपा करून टाकू नका, त्यातल्या सुरक्षेच्या भोकांना इतक्या वर्षांत ठिगळ लागलेलं नाही. काही पीडीएफ फॉर्म उघडले की नुसतं "प्लीज वेट" दिसत राहतं, ते एक्सएफए फॉर्म असतात, ते फायरफॉक्समध्ये उघडून बघा, 2021 पासून तो हे फॉर्म दाखवतो.

उरलेल्याचे साधारण दोन गट पडतात. क्रोम, व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) यांची डेब फाइल टाकली की कंपनीची रेपो, म्हणजे पॅकेज जिथून येतात ते तिचं भांडार, सिस्टिममध्ये जोडली जाते आणि पुढचे अपडेट बाकीच्या अपडेटबरोबर येतात. पण इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. उबुंटूमधलं अनअटेंडेड अपग्रेड्स आपोआप अपडेट करतं ते फक्त उबुंटूच्या स्वतःच्या रेपोमधून, बाहेरची रेपो त्याच्या यादीत नसते. म्हणजे कोणी बटण दाबलं नाही तर क्रोम जुनाच राहणार. त्यामुळे एपीटी-कॅश पॉलिसी (apt-cache policy) ही कमांड चालवा, क्रोमच्या रेपोसमोर ओ (o=) आणि ए (a=) ची नावं दिसतील, ती अनअटेंडेड अपग्रेड्सच्या सेटिंग फाइलमध्ये अलाउड ओरिजिन्सखाली लिहा. पाच मिनिटांचं काम आहे पण सगळ्यात जास्त उपयोगाचं हेच आहे.

दुसऱ्या गटातल्या झूमची डेब फाइल मात्र अशी रेपो जोडत नाही, ते मी फ्लॅटहबवरून (फ्लॅटपॅक प्रकारच्या पॅकेजचं ऑनलाइन भांडार) टाकतो, अपडेट तिथून येतात. फक्त हे माहीत असू द्या की तिथलं झूमचं पॅकेज कंपनीने बनवलेलं नाही, स्वयंसेवक सांभाळतात, मूळ फाइल इन्स्टॉल होताना कंपनीच्याच सर्व्हरवरून येते. संस्थेला हे सांगा आणि त्यांना ठरवू द्या. मिंट 22 मध्ये अशी अनव्हेरिफाइड पॅकेज सुरुवातीला लपवलेली असतात, ती सॉफ्टवेअर मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमधून चालू करावी लागतात.

फॉन्टसाठी लगेच मायक्रोसॉफ्टच्या पॅकेजकडे धावू नका. एरियल आणि टाइम्सच्या जागी लिबरेशन, कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो, अक्षरांची रुंदी तीच असते त्यामुळे पानं हलत नाहीत. तरी मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट लागलेच तर त्यांचा इन्स्टॉलर मध्येच लायसन्सची स्क्रीन दाखवतो आणि दहा मशीनवर काम अडकून बसतं. संस्थेच्या जबाबदार माणसाने ते लायसन्स एकदा वाचून होकार द्यावा, मग तेच उत्तर डेबकॉन्फमध्ये (पॅकेज टाकताना येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं सांभाळणारी सोय) आधीच भरून ठेवा, स्क्रीन येत नाही.

आता हे सगळं एका शेल स्क्रिप्टमध्ये (ओळीने कमांड लिहिलेली फाइल) घाला: आधी रेपो आणि त्यांच्या की (पॅकेज खरी आहेत का ते तपासण्यासाठी), मग डेबकॉन्फची उत्तरं, मग एपीटीची (उबुंटूचा पॅकेज टाकणारा प्रोग्राम) पॅकेज, शेवटी फ्लॅटपॅक. स्क्रिप्ट दोनदा चालली तरी काही बिघडता कामा नये, कारण ती दोनदा चालणारच, म्हणून रेपो आधीच आहे का ते तपासूनच जोडा. आणि प्रत्येक ओळीच्या वर हे का टाकलंय ते साध्या मराठीत लिहा.

एचपीच्या काही प्रिंटरना एचपीलिप (एचपीचं लिनक्ससाठीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) तर लागतंच, त्याशिवाय एक बंद प्लगिन लागतं आणि त्याचं व्हर्जन एचपीलिपशी तंतोतंत जुळावं लागतं. सिस्टिम अपग्रेड झाल्यावर प्रिंटर अचानक गप्प झाला तर बहुतेक वेळा हेच कारण असतं, एचपी-प्लगिन (hp-plugin) कमांड परत चालवायची. ही एक ओळ छापून प्रिंटरवर चिकटवा.

लायसन्स पण बघा हां. काही सॉफ्टवेअर फुकट असतं ते फक्त वैयक्तिक वापरासाठी, संस्थेचा कॉम्प्युटर त्यात बसत नाही. कंपनीला ईमेल करून विचारा, सेवाभावी संस्थांना बरेच जण सवलत देतात, आणि आलेलं उत्तर स्क्रिप्टच्या शेजारीच सेव्ह करा.

सगळं झालं की एक रिकामी मशीन घ्या आणि स्क्रिप्ट संस्थेतल्याच कोणाला तरी चालवायला सांगा. तुम्ही बाजूला बसा, कीबोर्डला हात लावू नका, आणि ती व्यक्ती जिथे जिथे थांबून तुमच्याकडे बघेल ती जागा लिहून घ्या, स्क्रिप्टमध्ये दुरुस्ती तिथे करायची आहे.