बिग एंड बेअरिंग: माप, बसवणी आणि तेल

कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या (बिग एंडच्या) कॅप उघडल्या की जुने शेल, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या, सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा, लगेच भंगारात टाकू नका. बिघाड कशाने झाला ते त्यांच्यावरच दिसतं. फिरण्याच्या दिशेने ओरखडे आणि पृष्ठभागात रुतलेले कण म्हणजे तेलात कचरा. एका शेलची एक कड आणि जोडीच्या शेलची विरुद्ध कड घासली असेल तर रॉड वाकलेला आहे. पाठीवर चकाकणारे डाग दिसले, तर शेल रॉडच्या भोकात हलत होता. कारण न शोधता नवा संच घातला तर तोही त्याच वाटेने जातो.

आता जर्नल, म्हणजे क्रँकचा तो गोल भाग ज्यावर हे बेअरिंग बसतं. मायक्रोमीटरने दोन्ही टोकांना आणि मध्ये, प्रत्येक ठिकाणी ९० अंश फिरवून, अशी सहा मापं घ्या. ज्वलनाचा दाब दर वेळी जर्नलच्या एकाच बाजूला येत असल्याने ते लंबगोल झिजतं, एका मापावर विसंबून चालत नाही. लंबगोलपणा किंवा टेपर (दोन टोकांच्या व्यासातला फरक) ०.०१ मिमीच्या पुढे गेला की मॅन्युअलमधली मर्यादा बघा. बहुतेक वेळा ग्राइंडिंगच करावं लागतं. ग्राइंडिंगने बारीक झालेल्या जर्नलसाठी शेल ०.२५, ०.५०, ०.७५ मिमी असे अंडरसाइज मिळतात. ०.२५ चा शेल प्रत्येकी ०.२५ ने जास्त जाड नसतो. दोन शेल मिळून व्यास ०.२५ ने कमी होतो, म्हणजे एकेक ०.१२५ ने जाड. स्टँडर्ड जर्नल ४८.०० असेल तर ते ४७.७५ ला उतरवायचं. ग्राइंडिंगनंतर तेलाच्या भोकाची कड मोडून घ्या आणि कोपऱ्याची गोलाई मूळ मापाची ठेवायला सांगा. गोलाई मोठी राहिली की शेलची कड तिच्यावर चढते. कमी ठेवली तर क्रँक तिथूनच तडकतो.

रॉडचं भोक शेल न घालता, कॅप पूर्ण टॉर्कवर (ठरवून दिलेल्या पिळावर) आवळून बोअर गेजने, म्हणजे भोकाचा आतला व्यास मोजायच्या गेजने मोजा. ते लंबगोल निघालं तर रॉड रिसाइज करावा, म्हणजे भोक पुन्हा मापात आणून घ्यावं लागेल. मग शेल घालून पुन्हा आवळा आणि जोडाच्या रेषेशी काटकोनात मोजा. जोडाजवळ शेल मुद्दाम पातळ केलेला असतो. तिथे गेज लावला तर क्लिअरन्स (शेल आणि जर्नलमधली तेलाची फट) उगाच जास्त दिसतो. भोक ४८.०२ आणि जर्नल ४७.९८ असेल तर क्लिअरन्स ०.०४. जर्नलच्या व्यासाचा साधारण हजारावा भाग हा ढोबळ अंदाज, पण अंतिम शब्द मॅन्युअलचाच. क्लिअरन्स कमी पडला तर तेलाची फिल्म टिकत नाही आणि शेल तापतो; जास्त झाला तर तेल कडेने निसटतं, प्रेशर पडतं आणि ठोका ऐकू येतो.

बोअर गेज नसेल तर प्लास्टिगेज, म्हणजे दाबल्यावर चपटा होणारा प्लास्टिकचा बारीक धागा चालतो. जर्नल आणि शेल कोरडे पुसा, तुकडा जर्नलच्या लांबीत ठेवा, कॅप टॉर्कवर आवळा आणि उघडा. मध्ये क्रँक किंचितही फिरता कामा नये. पट्टी जितकी रुंद पसरली तितका क्लिअरन्स कमी.

बसवताना सगळ्यात जास्त गोंधळ शेलच्या पाठीवरून होतो. पाठ आणि रॉडचं भोक पूर्ण कोरडं हवं, तेलाचा थेंबही नको. शेल धरून ठेवतो तो क्रश: अर्धा शेल भोकाच्या वर केसभर उभा असतो आणि कॅप आवळली की दाबून घट्ट बसतो. लग (शेलच्या कडेची छोटी जीभ) फक्त जागा दाखवते. म्हणून ती उभी कड किंवा कॅप कानशीने घासणं, पाठीमागे कागद किंवा पत्र्याची पट्टी सरकवणं, हे इलाज कुणीही सुचवले तरी ऐकू नयेत. उष्णता शेलकडून रॉडमध्ये जायला धातूला धातू टेकायला हवा.

रॉड खाली सोडण्याआधी त्याच्या बोल्टवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर जर्नलला टोचा बसतो. कॅपचे क्रमांक जुळवा. बोल्टच्या आट्यांना मॅन्युअल सांगेल तेच तेल लावा. कोरड्या आणि तेलकट आट्यांवर एकाच टॉर्कला ताण वेगळा येतो. ताणून आवळायचे बोल्ट असतील तर नवेच घ्या. एकेक कॅप आवळली की क्रँक फिरवून बघा. जड झाला की शेवटची कॅप उघडा, पुढे जाऊ नका. रॉड हाताने बाजूला थोडा सरकला पाहिजे. ती मोकळीक फीलर गेजने तपासा.

शेलच्या आतल्या बाजूला आणि जर्नलला मात्र भरपूर असेंब्ली ल्यूब (जुळणी करताना लावायचं घट्ट वंगण) लावा. इंजिन काही आठवडे पडून राहणार असेल तर साधं तेल ओघळून जातं, घट्ट ल्यूब टिकतं. पहिल्यांदा सुरू करण्याआधी फिल्टर तेलाने भरा, इंधन बंद ठेवून, पेट्रोल इंजिन असेल तर प्लगही काढून, स्टार्टर थोडा थोडा वेळ मारत राहा. गेजवर प्रेशर येईपर्यंत इंजिन पेटू द्यायचं नाही. पेटल्यावर काही सेकंदांत प्रेशर दिसलं नाही तर लगेच बंद करा.